मुलुंडचे मीटर आणि आपल्या शेतावरची तार



गेल्या मे महिन्यात मुंबईला जावे लागले. मुलुंडला माझा भाचा राहतो. गावाकडे आठ एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ, म्हणून हा थोरला मुंबईला गेला आणि एका कुरियर कंपनीत लागला. एक खोली, एक स्वयंपाकघर, नवरा-बायको आणि एक लेकरू. दाराशी पोचलो तर भाचा हातात विजेचे बिल घेऊन उभा होता. पाणी प्यायलो, पाय धुतले, आणि बिलच वाचायला बसलो.

"मामा, आपल्या घरी सालभराच्या कापसावरचे औषध जेवढ्यात येत होते, तेवढे माझे दोन महिन्यांचे लाईटबिल आहे," भाचा म्हणाला. बिलावर युनिट होते ४८५.

बिल कोणाचे होते? महावितरणचे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या उपनगरांत विजेच्या कंपन्या वेगळ्या. १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. काही घरांना टाटांची वीज आहे. पण मुलुंड आणि भांडुप मुंबई महानगरपालिकेत असूनही विजेच्या बाबतीत आपलेच भाऊबंद. आपल्या गावच्या डीपीची जी मालकीण, तीच त्यांची. हे ऐकून मला उगाचच बरे वाटले. भाच्याला काही बरे वाटले नाही.

वीज वाचवा म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. भिंतीवर लिहितात, रेडिओवर गातात, शाळेत निबंध लिहून घेतात. पण कुठली वस्तू किती वीज खाते हे कोणी सांगत नाही. शेतकऱ्याला जसे "खर्च कमी करा" म्हणतात आणि बियाण्याचा, खताचा, मजुरीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, तसेच हे आहे. म्हणून मामा-भाचे दोघे मीटरपाशी गेलो.

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या तोंडावर एक आकडा छापलेला असतो. भाच्याच्या मीटरवर तो ३२०० होता. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. आता घरातील सगळे बंद करायचे, एकच वस्तू चालू ठेवायची आणि घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. त्याला साठने गुणले की तासाचे झाले, ३२०० ने भागले की तासाला किती युनिट ते कळले. याला इंजिनियर लागत नाही आणि खर्चही काही नाही. तुमच्या मीटरवर आकडा दुसरा असेल तर तो घ्या.

प्रथम सगळेच बंद केले. दिवा थांबायला हवा होता. थांबला नाही! मिनिटाला तीन-चारदा लुकलुकतच राहिला. भाचसून म्हणाली, "मामा, टीव्हीचा डबा चालू आहे." तो भिंतीवरून बंद केला, मोबाइलचे चार्जर काढले, तरी मिनिटाला तीन. आता बंद करायला घरात काही उरले नव्हते. शेवटी भाच्याने मेन स्विच खाली ओढला आणि बाहेर जिन्यातला बल्ब विझला. जिन्यातला साठ वॅटचा पिवळा बल्ब, रात्रंदिवस जळणारा, याच्या मीटरवर जोडलेला! किती वर्षांपासून, देव जाणे. साठ वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला ४३. घरमालकाशी त्यावर जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तार मात्र त्याच संध्याकाळी सुटली.

मग एकेक वस्तू घेतली. छताचा साधा पंखा मिनिटाला चारदा, म्हणजे ७५ वॅट. दिसायला किरकोळ, पण दोन पंखे आणि मुंबईची दमट हवा. दिवसाचे चौदा तास ते फिरतात, महिन्याला ६३ युनिट खातात. चोक असलेल्या दोन जुन्या ट्यूब, महिन्याला १९. फ्रिज जुना, दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. पाणी तापवायचा गिझर दोन हजार वॅटचा. तो लावला तर दिवा इतका भराभर लुकलुकतो की मोजता मोजता माणूस चुकतो. पण तो दिवसातून अर्धाच तास चालतो, म्हणून महिन्याला ३०. टीव्ही आणि त्याचा डबा मिळून २१. इस्त्री, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र सगळे मिळून बारा. ही सगळी बेरीज जिन्यातल्या बल्बासह २३३ होते. मग उरलेले अडीचशे युनिट गेले कुठे?

ते खिडकीवरच्या एसीत गेले. लेकराच्या अंगावर घामोळे आले म्हणून गेल्या उन्हाळ्यात हप्त्याने घेतलेला दीड टनाचा एसी. रात्री सात तास चालतो आणि अठरा अंशांवर लावलेला असतो. पहाटे थंडी वाजते म्हणून घरचे सगळे गोधडी पांघरून झोपतात. यावर मी काही बोललो नाही, भाचाच हसायला लागला.

यातून एक गोष्ट आम्हाला कळली. माणसाचे लक्ष दिव्यावर असते, कारण दिवा डोळ्यांना दिसतो. "लाईट बंद कर, लाईट बंद कर" म्हणून पोरांवर ओरडण्यात आयुष्य जाते. नऊ वॅटचा एलईडी रात्रभर चुकून जळत राहिला तरी अर्ध्या युनिटच्या आतच राहतो. वीज खातात त्या तापवणाऱ्या आणि गार करणाऱ्या वस्तू, आणि न थांबता फिरणाऱ्या वस्तू. गिझर, इस्त्री, शेगडी, एसी, फ्रिज, पंखा. घर उपनगरात असो की गावात, काटकसर तिथून सुरू करावी.

आता उपाय. एसीचे आधी सांगतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे म्हणणे असे की एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करताच आपोआप २४ अंशांवर सुरू व्हावेत असा नियमही आहे. लोक तो लगेच हाताने खाली आणतात. अठरावर लावला तर खोली लवकर गार होते हा निव्वळ गैरसमज आहे. यंत्र तेवढ्याच जोराने चालते, फक्त थांबत नाही. सव्वीस अंशांवर लावावा, जोडीला पंखा हळू फिरवावा, दाराच्या फटीत चिंधी लावावी, जाळी महिन्यातून दोनदा धुवावी आणि पहाटे चारला आपोआप बंद होईल असा टायमर लावावा. भाच्याच्या घरी त्या खर्चाचा तिसरा हिस्सा तरी कमी होतो, म्हणजे महिन्याला ८० युनिट. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट टांगले तर आणखी कमी होईल. पण सोसायटीवाले गोणपाट टांगू देत नाहीत. म्हणे इमारतीची शोभा जाते.

पंख्याचे गणित अनेकांना माहीत नाही. आता बीएलडीसी नावाचा पंखा मिळतो. वारा तेवढाच आणि वीज ३० वॅटच्या आसपास. किंमत अडीच-तीन हजार, साध्यापेक्षा हजार-बाराशे जास्त. एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. वर्ष-दीड वर्षात पैसे फिटतात. ज्यांना आज नवा पंखा घेणे जमत नाही त्यांनी निदान रेग्युलेटर बघावा. जुना, मोठा, गरम होणारा डबा असेल तर पंखा हळू केल्याने जी वीज वाचायची ती त्या डब्याच्या उष्णतेत जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर थोड्या पैशांत येतो.

ट्यूब बदलून वीस वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या की बारा युनिट वाचतात. एलईडीची कहाणी मात्र सांगण्यासारखी आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने उजाला योजना सुरू केली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतलेला बल्ब दोन-तीन वर्षांत चाळिसाच्या आत आला. भाव असा पाडल्याबद्दल सगळीकडे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. आपल्या कापसाचा भाव पडतो तेव्हा मात्र कोणी योजनेचे नाव ठेवत नाही.

टीव्हीचा डबा भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय लावली की महिन्याला सहा युनिट वाचतात. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा, मागची जाळी पुसायची, आत गरम भात ठेवायचा नाही. गिझर आंघोळीच्या पाच-दहा मिनिटे आधी लावायचा आणि आंघोळीला जाताना बंद करायचा. स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरमध्ये लावणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी आली की आच कमी करणे हे भाचसुनेला मी काय सांगावे? तिची आई गावाकडे पऱ्हाटीवर स्वयंपाक करते आणि पऱ्हाटीची एक काडी वाया जाऊ देत नाही. गॅसची शेगडी मिळाली तरी ती सवय तिने सोडलेली नाही. या घरात काटकसर शिकवायची असेल तर ती पुरुषांना शिकवावी लागेल.

एकूण बेरीज अशी होते. जिन्यातल्या बल्बाचे ४३, पंख्यांचे ३८, ट्यूबचे १२, डब्याचे ६, एसीचे ८०. एकूण १७९. म्हणजे ४८५ चे ३०६ होतात. आता हे तीनशे का महत्त्वाचे? आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याने चढतो. शंभरपर्यंत एक, शंभर ते तीनशे दुसरा, तीनशे ते पाचशे तिसरा, त्यापुढे चौथा. तुम्ही जे युनिट वाचवता ते खालच्या स्वस्त टप्प्यातले नसते, ते वरच्या, सगळ्यांत महाग टप्प्यातले असते. स्थिर आकार कमी होत नाही. पण वीज शुल्क टक्क्यांनी लागते, म्हणून तेही उतरते. १८५ युनिट वरच्या टप्प्यात होते, ते सहावर आले. जूनमध्ये भाच्याचा फोन आला की बिल अर्ध्यावर आले. ते श्रेय मी सगळे आमच्या हिशेबाला देत नाही. पाऊस लागला होता आणि एसी आपोआपच बंद होता.

घराबाहेरच्या विजेचे थोडक्यात सांगतो. अंधेरी-बोरिवलीच्या उंच इमारतींत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो. टाकी भरून वाहते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि बिल सोसायटीच्या नावे येते म्हणून कोणाच्या खिशालाही लागत नाही. एक तरंगता स्विच बसवला की पंप आपोआप थांबतो. आणि ते पाणी तरी तिथपर्यंत फुकट येते काय? भातसा धरणाचे पाणी नदीत सोडतात, पिसे येथे पंपाने उचलतात, पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला पाठवतात. मुलुंडचा नळ गळतो तेव्हा पिशाच्या पंपाची वीजही गळते. मोटार घरी ठेवून लोकलने जाणारा माणूस तर दहा बल्ब विझवणाऱ्यापेक्षा जास्त वाचवतो. पण आपली पोरे लोकलनेच जातात, दाराला लोंबकळून जातात. त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

इथपर्यंत वाचून जिल्हा बैठकीतला एखादा भाऊ उठून विचारील, की संपादकसाहेब, मुंबईकराच्या लाईटबिलाची चिंता आम्ही कशाला वाहायची? आमचा कापूस विकला जात नाही आणि तुम्ही अठरा आणि सव्वीस अंश सांगता! प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडे लांब आहे.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची एक तार गेली आहे. लांबी ७५२ किलोमीटर, वाहण्याची ताकद १,५०० मेगावॅट, सुरू झाली १९९९ मध्ये. ही एकदिश प्रवाहाची तार आहे. चंद्रपूरला वीज भरायची ती पडघ्यालाच उतरवायची. मधल्या एकाही गावाला तिच्यातून एक युनिट घेता येत नाही. ज्यांच्या शेतात तिचा मनोरा उभा आहे त्यांना वखर वळवताना ती रोज आठवते. मुलुंडच्या पंख्यात नेमकी कुठली वीज फिरते हे कोणी सांगू शकत नाही, विजेला गावाचे नाव लिहिलेले नसते. पण विदर्भाचा कोळसा जाळून पश्चिमेकडे वीज नेण्यासाठीच ती तार आहे, यात काही गुपित नाही.

एक युनिट कोळशावर तयार करायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. पाणी वेगळेच लागते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. म्हणजे त्यापूर्वी किती वापरत असतील ते पाहा. त्याच २०१५ साली दुष्काळात परळीचे केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. भाच्याच्या घरचे १७९ युनिट साडेतीनने गुणा. सव्वासहाशे लिटर पाणी, एका महिन्यात, एका खोलीचे. बीडच्या माणसाला टँकरच्या भाषेत ते समजते.

ही गोष्ट आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी होते आणि वीज मुंबईसाठी. सत्याग्रह झाला आणि धरणही झाले. मुंबईत एक युनिट जळते तेव्हा ते कुठल्या तरी शेतकऱ्याच्या जमिनीवरून, पाण्यावरून किंवा डोक्यावरून आलेले असते.

आणि टंचाई पडली तर ती कोणाच्या वाट्याला येते? २००५ पासून पुढची सहा-सात वर्षे आठवा. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती आणि आपल्या गावात बारा-बारा, चौदा-चौदा तास अंधार असे. पोरांच्या परीक्षा कंदिलावर झाल्या. मुंबईत भारनियमन नव्हते. पण मुलुंड-भांडुप महावितरणचे, म्हणून तिथे होते. विक्रोळी-घाटकोपरला दिवे, आणि तीच रेल्वे, तोच रस्ता, तीच महानगरपालिका असताना मुलुंडला अंधार! तेव्हा मुलुंडकरांना प्रथमच कळले की राज्यातली बाकीची माणसे कशी राहतात. त्यांनी काय केले? ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले. इन्व्हर्टर वीज वाचवत नाही. बॅटरी भरताना आणि रिकामी होताना तो पाव हिश्शाच्या आसपास स्वतःच खातो. वीज आली की सगळे इन्व्हर्टर एकदम भरायला लागतात आणि तूट वाढते.

१५ डिसेंबर २००७ च्या संध्याकाळी मुंबईच्या काही तरुणांनी 'बत्ती बंद' नावाने साडेसात ते साडेआठ असा एक तास दिवे विझवायचे आवाहन केले होते. हेतू चांगला होता, त्यांची थट्टा करायची नाही. पण त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? 'अक्षय प्रकाश' योजना. गावाने मिळून ठरवायचे की संध्याकाळच्या मागणीच्या तासांत कोणी मोटर लावणार नाही, गिरणी चालवणार नाही, शेगडी-हीटर लावणार नाही. फक्त दिवा, पंखा, टीव्ही. भार मर्यादेत राहिला तर मंडळ त्या तासांत गावाचे दिवे जाऊ देणार नाही. गावागावांत ठराव झाले, पोरे रात्री डीपीवर पहारा देत. आकडे टाकणाऱ्यांना गावानेच समजावले. वीज वाचवण्याचा याहून मोठा प्रयोग राज्यात झाला असेल असे मला वाटत नाही आणि तो अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसांनी केला. कोणी त्याचे पोस्टर छापले नाही.

त्या योजनेत एक गोष्ट होती जी एरवीच्या उपदेशात नसते. तिथे देवाणघेवाण होती. आम्ही मोटर थांबवतो, तुम्ही दिवा द्या. वाचवणाऱ्याला त्याच संध्याकाळी त्याचे फळ दिसत होते. अंधेरीत आज कोणी एसी बंद केला म्हणून आपल्या डीपीवर आपोआप वीज येत नाही, हे मी लपवणार नाही. वाचलेली वीज कंपनी दुसऱ्याला विकील. पण संध्याकाळी सातनंतर, जेव्हा सौर वीज मावळलेली असते, तेव्हाची मागणी भागवायला कोळसाच जास्त जाळावा लागतो. तो शेंडा जेवढा उंच, तेवढी नवी केंद्रे, नव्या तारा, नव्या संपादनाच्या नोटिसा. आणि तेवढेच आपल्या शेतीच्या फिडरला ढकलणे सोपे, रात्री अकरानंतर, साप-विंचवाच्या वेळी. आपली मागणी दिवसा पाण्याला वीज मिळावी ही आहे. उपनगराचा संध्याकाळचा शेंडा उतरणे तिच्या आड येत नाही, तिला हातभारच लावते. म्हणून मुंबईला गेलेल्या पोरांना हे कळवायचे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडून सगळी मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, देशभर बातमी झाली. आपल्याकडे तर डीपी जळाली की आठ दिवस बातमीच होत नाही.

आता आपल्या घरचे. मुंबईला हिशेब सांगायचा तर स्वतःचा आधी करावा. कोरडवाहू असलो तरी ज्यांच्या विहिरीला दोन-चार पाण्यापुरते पाणी आहे त्यांच्याकडे मोटर आहे. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला चार युनिटच्या वर घेते. भाच्याचे दोन्ही साधे पंखे तेवढ्यावर दिवसभर फिरून उरतील. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे, मग कशाला वाचवायची, असे काही भाऊ म्हणतात. अरे, वीज फुकट असेल, पण मोटर फुकट जळत नाही. रिवाइंडिंगचे पैसे सरकार देत नाही. आणि वेळ तर मोजूनच मिळतो. तेवढ्या तासांत पाणी पूर्ण वावरभर फिरले पाहिजे.

फूटव्हॉल्व्ह अडकत असेल किंवा त्याची जाळी बुजली असेल तर निम्मी ताकद तिथेच जाते. तो वर्षातून एकदा काढून बघावा. पाइप अरुंद आणि चार ठिकाणी काटकोनात वळवलेला असेल तर पाणी कमी आणि वीज जास्त. रुंद पाइप आणि लांब वळण घ्यावे. मोटर पाण्यापासून फार उंचावर नसावी. स्टार्टरशेजारी कपॅसिटर बसवावा, तो आपल्यापुरता नाही, सगळ्या डीपीचा दाब सुधारतो. मोटर दोन-तीनदा रिवाइंड केली असेल तर ती तेवढेच पाणी द्यायला जास्त वीज ओढते. आणि ऑटो स्विच! सगळ्यांनी ऑटो स्विच लावले की वीज येताच पंचवीस मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, दाब बसतो, फ्यूज उडतो, नाही तर डीपीच जाते. नंतर लाईनमनच्या नावाने बोटे मोडायची. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून पाळ्या ठरवल्या तर हे टळते. अक्षय प्रकाशमध्ये आपण ते केलेले आहे, नवीन शिकायचे नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने तीन गोष्टी आणाव्यात. आपल्या डीपीवर किती मोटरी आहेत, किती अश्वशक्तीच्या आहेत आणि डीपीवर किती केव्हीए लिहिले आहे, तो कागद. घरच्या मीटरचा लाल दिवा सगळे बंद केल्यावर लुकलुकतो की नाही, ते पाहून. आणि मुंबई, ठाणे, पुण्याकडे जो भाऊ, भाचा, जावई असेल त्याच्या मे महिन्याच्या बिलावरचे युनिट, फोन करून विचारून. फोन केलाच आहे तर जिन्यातला बल्ब कोणाच्या मीटरवर आहे तेही बघायला सांगा.